सांगलीत राहून रेस्पिरेटरी थेरपिस्टनं करिअर करावं का? (घरी ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटसाठी)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी (श्वसनाचे उपचार आणि त्याची यंत्रं सांभाळण्याचं शिक्षण) पास झाली. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिप मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत झाली. व्हेंटिलेटरची सेटिंग्ज, बायपॅपचा (मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क बसवणं, एबीजीसाठी (धमनीच्या रक्तातले वायू तपासायला) मनगटातून रक्त घेणं, सगळं येतं तिला.

घरच्यांचं म्हणणं, पुण्याला जा, नाहीतर सरळ सौदी. तिच्या डोक्यात वेगळंच आहे. डिस्चार्ज घेऊन ऑक्सिजनचं मशीन घरी नेलेले पेशंट पुन्हा पुन्हा तिच्याच वॉर्डात यायचे. ओठ निळे, पाय सुजलेले. मशीन घरी असूनही असं का होतं, हे तिनं विचारायला सुरुवात केली तेव्हा कळलं की मशीन पोचतं, पण त्यानंतर माणूस कुणीच पोचत नाही. तिला सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात घरोघरी जाऊन हेच काम करायचंय.

माझे प्रश्न असे: आपल्या भागात याला खरंच वाव आहे का? डॉक्टर पेशंट पाठवतील का? आणि मुलीनं एकटीनं यात पडावं, की आधी नोकरी करावी? अनुभवी लोकांनी मोकळेपणानं लिहावं. कडू असलं तरी चालेल.

रानपाखरू

सौदीला जाऊ दे. चार पैसे गाठीला बांधून आली की मग समाजसेवा.

तांबडी_माती

समाजसेवा कशानं? शिकलेल्या कामाचे पैसे घेणार आहे ती.

छातीचा_डॉक्टर

मिरजेत छातीविकाराची प्रॅक्टिस करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ऑक्सिजन हे औषध आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचं नाव आहे. गोळीची चिठ्ठी लिहिताना आपण किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा ते लिहितो. ऑक्सिजनच्या चिठ्ठीवर मात्र बऱ्याचदा 'घरी ऑक्सिजन लावावा' एवढंच असतं. मिनिटाला किती लिटर, किती तास, बोटावरच्या मीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का कुठे राहायला हवा, यातलं काही नसतं.

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होत जाणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला दीर्घकाळ घरी ऑक्सिजन देण्याचा पाया दोन अभ्यासांवर उभा आहे. एक १९८० चा अमेरिकेतला, दुसरा १९८१ चा ब्रिटनमधला. ब्रिटनमध्ये रोज निदान १५ तास ऑक्सिजन घेणारे पेशंट न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. अमेरिकेत फक्त रात्री घेणाऱ्यांपेक्षा जवळपास दिवसभर घेणारे जास्त जगले. म्हणजे फायदा होतो तो तास भरले तर. धाप लागली की अर्धा तास नळी लावून काढून ठेवणाऱ्याला तो मिळत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत हेच चालतं.

दुसरी बाजूही आहे. तब्येत स्थिर असताना, विश्रांतीत, धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली असेल, किंवा मीटरवर ८८ किंवा कमी असेल, तरच हा उपचार कायमचा लागतो. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला असेल किंवा रक्त घट्ट झालं असेल तर ५९ पर्यंत. २०१६ साली ७३८ पेशंटचा अमेरिकेतला अभ्यास आला. ऑक्सिजन थोडासाच कमी असलेल्यांना घरच्या ऑक्सिजनचा काही फायदा दिसला नाही. तरीही आजारपणात लावलेलं मशीन पेशंट बरा झाल्यावर वर्षानुवर्षं घरात चालू असतं, कारण परत मोजायला कुणी गेलेलं नसतं.

तेव्हा भाचीला जे दिसलं ते खरं आहे. तिचं काम दोन्हीकडचं आहे: ज्याला हवं त्याचे तास भरून घेणं, आणि ज्याला नको त्याचं मशीन डॉक्टरांना सांगून बंद करवणं.

वाळव्याची_सून

डॉक्टर, तुमचं वाचलं आणि लिहावंच वाटलं. आमच्या सासूबाईंचा सगळा जन्म चुलीपुढं गेला. वर हंगामात गुऱ्हाळावर काम. बिडी-तंबाखूचं नाव न्हाई, तरी फुफ्फुसं गेली. गेल्या वर्षी मशीन घेतलं. दुकानातनं एक पोरगं आलं, बटण दाखवलं, सही घेतली आणि गेलं. दहा मिनिटंसुद्धा थांबलं नाही.

पाण्याच्या बाटलीत काय घालायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून घरात येतं तेच बोअरचं पाणी. महिन्याभरात बाटलीच्या तळाला पांढरा थर, आणि बुडबुडे येतात ती बारकी भोकं निम्मी बुजलेली. मागच्या बाजूला स्पंजाची जाळी असते, ती धुवायची असते हे मला सहा-सात महिन्यांनी दवाखान्यातल्या एका सिस्टर कडनं कळलं. काढून बघितली तर राखाडी नमदा झालेला, पिठाची धूळ, केस, सगळं त्यात. मशीन गरम होऊन ओरडायचं ते त्याच्यामुळं.

आणि नाकाची कातडी सोलून निघायची म्हणून आत्या (सासूबाई) रोज व्हॅसलीन लावायच्या. ऑक्सिजन चालू असताना व्हॅसलीन लावू नये, पाण्याचा बेस असलेलं जेल लावावं, हेही त्या सिस्टरनंच सांगितलं. देवघर त्याच खोलीत. निरांजन पेटलेलं आणि नळी पायाशी. आता विचार केला तरी काटा येतो अंगावर.

अशी एखादी पोरगी पहिल्याच आठवड्यात घरी आली असती तर मी तिला पैसे दिले असते आणि वर जेवायला घातलं असतं.

पारावरचा_आण्णा

वैनी, जेवण नक्की असेल तर भाचीनं वाळव्यापासनंच सुरुवात करावी :)

यंत्रदुरुस्ती_कुपवाड

मी बायोमेडिकलची यंत्रं दुरुस्त करतो. मशीनच्या पोटात काय चालतं ते सांगतो, म्हणजे काम कुठं आहे ते कळेल.

हे मशीन ऑक्सिजन तयार करत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. आत झिओलाइटचे खडे भरलेली दोन नळकांडी असतात. कॉम्प्रेसर हवा दाबून एका नळकांड्यात सोडतो, खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढं जातो. मग दाब सोडला की नायट्रोजन बाहेर फेकला जातो, तोवर दुसरं नळकांडं कामाला लागतं. तो 'फुस्स... ठक' आवाज येतो तो या आलटापालटीचा. चांगलं मशीन ९० ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन देतं.

आता मुद्दा. खड्यांना ओल लागली की ते निकामी होतात. मशीन चालू दिसतं, आवाज येतो, मशीनवरच्या प्रवाहाच्या मीटरमधली गोळी दोन लिटरवर तरंगते, बाटलीत बुडबुडे येतात. पण नळीतून येतो तो ऑक्सिजन असतो ६० टक्के, कधी त्याहून कमी. घरच्यांना ते कळायला मार्गच नाही. अलार्म असतात, पण कित्येकांनी ते कटकट म्हणून बंद करवून घेतलेले असतात. अॅनालायझर लावून मोजलं तरच खरं कळतं.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये मशीन मिळेल तिथून आणली लोकांनी. संस्थांनी वाटली, गावोगाव पोचली. कोविडची लाट ओसरली आणि त्यातली कितीतरी कपाटामागं, सभागृहाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली जाऊन पडली. दोन-दोन पावसाळे बंद राहिल्यावर खडे संपतात. आता तीच यंत्रं लोक जुन्या भावात घेतात आणि पेशंटला लावतात. भाचीला सांगा, पहिली खरेदी स्टेथोस्कोपची नको, अॅनालायझरची कर.

हिशेबी_माणूस

सगळं पटतंय, पण पैशाचं कुणी बोलत नाहीये.

५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट घेतं. १६ तास चाललं तर दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला १६५-१७० युनिट. पंखा, फ्रिज, टीव्ही चालवणाऱ्या घराचं बिल यानं सरळ वरच्या टप्प्यात जातं. त्यामुळं लोक रात्री मशीन बंद करतात आणि तास भरत नाहीत. डॉक्टरांच्या १५ तासांचं गणित इथं अडतं.

ज्या घराला बिल झेपत नाही ते घरी येणाऱ्या थेरपिस्टला काय देणार? समजा एका भेटीचे ५०० रुपये. दिवसाला चार भेटी, त्यातल्या दोन आष्टा आणि तासगावला. पेट्रोल वजा करा. महिन्यातून एकदाच बोलावणारी घरं धरा. आकडा फार वर जात नाही. मी तिच्या विरोधात नाही, पण फक्त भेटींवर पोट भरेल असं वाटत नाही.

जेद्दाहचा_कराडकर

मी याच शाखेतला. कराडला शिकलो, आता सौदीत आयसीयूत आहे. इथं यायचं तर डेटाफ्लोची कागद-पडताळणी, मग सौदी कमिशनची (तिथला परवाना देणाऱ्या संस्थेची) परीक्षा. अनुभवाचा दाखला मागतातच. पगार चांगला, आणि मुख्य म्हणजे मान आहे. राउंडला कन्सल्टंट विचारतो, 'आरटी, आज व्हेंटिलेटर काढायचा का?' आणि तुमच्या उत्तरावर निर्णय होतो. आपल्याकडं मला पहिली दोन वर्षं 'टेक्निशियन, जरा इकडं ये' म्हणायचे.

पण भाचीच्या बाजूनं एक सांगतो. आमचा व्यवसाय अमेरिकेत सुरू झाला तोच मुळात हॉस्पिटलात सिलिंडर ढकलत नेणाऱ्या पोरांपासून. १९४७ साली शिकागोत त्यांची पहिली संघटना झाली. सिलिंडर आणणारा माणूस हळूहळू ऑक्सिजन जाणणारा माणूस झाला, मग शिक्षण आलं, परीक्षा आल्या. वाळव्याच्या ताईंच्या घरी आलेलं पोरगं त्या पहिल्या पायरीवर आहे. पुढच्या पायऱ्या आपल्याकडं कुणीतरी चढायलाच हव्यात.

माझा सल्ला: आधी आयसीयूत एक-दोन वर्षं काढ. घरी पेशंट सुस्त दिसला तर तो नुसता झोपलाय की रक्तात कार्बन डायऑक्साइड चढलाय, हे ओळखायला शेकडो पेशंट डोळ्याखालून जावे लागतात. शेजारी डॉक्टर नसताना ते ओळखता यायला हवं.

वाळव्याची_सून

कार्बन डायऑक्साइडचं नीट सांगा की कुणीतरी. आमच्याकडं धाप वाढली की दादा मशीन दोनाचं चार करायचे.

छातीचा_डॉक्टर

@वाळव्याची_सून, हे सर्वांनीच वाचावं. जुन्या सीओपीडीत काही पेशंटचं फुफ्फुस कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर टाकू शकत नाही. अशांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर तो आणखी साठतो. सकाळी डोकं दुखतं, माणूस गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, हात थरथरतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झोप लागली. मीटरवर ९८ दिसतं म्हणून सगळे खूश असतात. या पेशंटना ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचं असतं. लिटर आपल्या मनानं वाढवायचे नाहीत. धाप वाढली तर फोन करायचा, गुंगी दिसली तर थेट दवाखाना.

वाईकर_बाई

मीटरवरून आठवलं. आमचे काका पाचगणीला राहतात. साताऱ्यात तपासलं की ९०-९१, आणि घरी गेले की ८७. मीटर बदललं, तरी तेच. शेवटी साताऱ्यातल्या डॉक्टरांनी समजावलं की पाचगणी समुद्रसपाटीपासून जवळपास १३०० मीटरवर आहे, हवेचा दाबच कमी, त्यामुळे काठावरच्या पेशंटचा आकडा तिथं खाली जातो. शिवाय थंडीत बोटं गार पडली की मीटर आणखी चुकतं. हात चोळून गरम करायचे, नेलपॉलिश काढायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

पूर्वी क्षयाच्या पेशंटना मुद्दाम पाचगणीला हवापालटाला पाठवायचे, आणि आज फुफ्फुसाच्या पेशंटला आम्ही विचारतोय की खाली साताऱ्यात राहायला याल का.

सतारीचं_गाव

क्षयाचा विषय निघाला म्हणून, थोडं अवांतर. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं, आणि वॉनलेसवाडीचं क्षयरोगाचं सॅनेटोरियम आमच्या आजोबांच्या पिढीला चांगलं माहीत होतं. फुफ्फुसाच्या रोग्यासाठी महिनोन्‌महिने माणूस लावून ठेवायचा, त्याचं खाणं, झोपणं, चालणं बघायचं, ही गोष्ट आपल्या भागाला नवीन नाही. आज सांगली-मिरजेत हॉस्पिटलं किती आहेत ते सांगायला नको. कर्नाटकातून लोक येतात. मग घरी गेलेल्या पेशंटमागे जाणारं कुणी नसावं, हे या गावांना शोभत नाही.

छातीचा_डॉक्टर

अवांतर अजिबात नाही. क्षय बरा झाल्यावर फुफ्फुसाला पडलेले व्रण तसेच राहतात. माझ्याकडच्या घरगुती ऑक्सिजनवाल्यांत असे बरेच आहेत, आणि त्यात चाळिशी-पन्नाशीतले कमावते लोकही आहेत.

फिजिओ_विश्रामबाग

एक हरकत नोंदवते. घरी जाऊन श्वासाचे व्यायाम, कफ काढणं, चालण्याचा सराव हे काम आम्ही फिजिओथेरपिस्ट वर्षानुवर्षं करतोय. नवीन पदवी आली म्हणून ते दुसऱ्याच्या नावावर लावू नका. ऑक्सिजनवरच्या पेशंटला नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं तर मांड्यांचे स्नायू जातात आणि धाप वाढतेच. पल्मनरी रिहॅबशिवाय (या व्यायाम-सरावाशिवाय) मशीन अर्धंच काम करतं.

जेद्दाहचा_कराडकर

ताई, व्यायाम तुमचेच. पण बायपॅपचा दाब, मास्कची गळती, मशीनची शुद्धता, एबीजीचा अर्थ हे आमचं. २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा झालाय, त्याच्या यादीत फिजिओथेरपिस्टही आहेत आणि रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्टही. दोघांनाही जागा आहे.

फिजिओ_विश्रामबाग

तसं असेल तर माझा विरोध नाही. उलट माझ्याकडे घरी जाणारे पेशंट आहेत, ज्यांच्या मशीनकडे बघायला मला माणूस हवाय.

लीड्सची_मिरजकर

मी इंग्लंडमध्ये श्वसनविकारांची नर्स आहे. इकडे रेस्पिरेटरी थेरपिस्ट अशी वेगळी शाखाच नाही, हेच काम नर्स, फिजिओ आणि फिजिऑलॉजिस्ट मिळून करतात. पण पद्धत सांगते, तिथे उपयोगी पडेल.

मशीन कंपनी आणून बसवते. पण कुणाला, किती लिटर, किती तास हे आमची टीम ठरवते. विकणारा वेगळा, ठरवणारा वेगळा. नवीन पेशंटच्या घरी चार आठवड्यांच्या आत कुणीतरी जायचं, तीन महिन्यांनी पुन्हा एबीजी करून गरज तपासायची, पुढे सहा ते बारा महिन्यांनी. घरात कुणी सिगारेट ओढतं का, शेगडी कुठे आहे, नळीत पाय अडकून पडायची भीती आहे का, हे पहिल्याच भेटीत बघतो. आणि हिशेबी_माणूस यांच्यासाठी: मशीनच्या विजेचे पैसे इथे पेशंटला परत मिळतात. हे आपल्याकडे मागण्यासारखं आहे.

भाचीनं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी. मशीन विकू नये आणि कुणाच्या मशीनवर कमिशन घेऊ नये. एकदा घेतलं की 'तुमचं मशीन बंद करा' हे ती कधीच सांगू शकणार नाही.

हिशेबी_माणूस

कमिशन नाही, तर मग पैसे कुठून? प्रामाणिकपणे विचारतोय.

यंत्रदुरुस्ती_कुपवाड

हॉस्पिटलांकडून. पेशंट दर दोन महिन्यांनी अॅडमिट होण्यापेक्षा दोन-तीन छातीच्या डॉक्टरांनी मिळून तिला महिन्याच्या ठराविक पगारावर ठेवलं तर सगळ्यांचंच भलं. वर बायपॅप वापरणारे पेशंट वाढताहेत, त्यांना मास्क बसवून द्यायला माणूस मिळत नाही. त्याचे पैसे लोक आनंदानं देतात, कारण रात्रीची झोप मिळते.

कोयनेपल्याड

पाटण तालुक्यातनं लिहितोय. तुम्ही सगळे सांगली-मिरजेचं बोलताय. आमच्याकडं पावसाळ्यात झाड पडलं की लाइट दोन-दोन दिवस नसते. इन्व्हर्टरवर मशीन किती चालणार? सिलिंडर ठेवावाच लागतो. छोटा बी टाइप साधारण १५०० लिटरचा, दोन लिटरनं लावला तर साडेबारा तास. जम्बो ७००० लिटरचा, तो दोन दिवस वर काढतो, पण वाडीवर चढवायला चार माणसं लागतात. वडिलांसाठी जूनच्या आधी जम्बो वर नेऊन ठेवतो आणि उभा साखळीनं भिंतीला बांधतो. हे गणित आम्हाला सिलिंडर भरणाऱ्यानं शिकवलं. थेरपिस्ट आमच्यापर्यंत येणार का, हा प्रश्न आहे. महिन्यातून एक दिवस पाटणला बसली तरी आम्ही पेशंट खाली आणू.

पारावरचा_आण्णा

आमच्या गल्लीतल्या आजींनी मशीनचं नाव 'घरघऱ्या' ठेवलंय. मालिकेचा आवाज ऐकू येत नाही म्हणून रागावतात, पण लाइट गेली की सगळ्यात आधी त्याचीच चौकशी :)

तांबडी_माती

हसू नका, उपयोगाचं आहे ते. लांब नळी घेऊन मशीन बाहेरच्या खोलीत ठेवलं की आवाज कमी होतो आणि आजी नळी काढून ठेवत नाहीत. तास भरतात.

यंत्रदुरुस्ती_कुपवाड

बरोबर. ५० फुटापर्यंत नळी चालते, फक्त कुठं दुमडलेली नको, आणि टोकाला प्रवाह मोजून घ्यायचा.

रानपाखरू

मूळ प्रश्नावर या हो कुणीतरी. पोरीनं काय करायचं?

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला काल रात्री सगळा धागा वाचून दाखवला. वाळव्याच्या ताईंचं वाचताना ती मध्येच उठून वही घेऊन आली.

तिनं ठरवलंय ते असं. कराडकरांचं ऐकून मिरजेतच आयसीयूची नोकरी धरतेय, दोन वर्षांसाठी. पण रविवार मोकळा ठेवणार. डॉक्टरांनी व्यनि (खाजगी निरोप) केला होता, त्यांच्याकडचे घरी ऑक्सिजनवर असलेले पेशंट रविवारी बघायला ते पाठवणार आहेत. दर पेशंटचा कागद तेच सही करणार, लिटरमध्ये बदल त्यांच्याशिवाय नाही. फिजिओ ताईही एका रविवारी सोबत येतो म्हणाल्या. अॅनालायझर घ्यायचे पैसे मी देतेय. मशीन विकायचं नाही हे तिनं स्वतःहूनच सांगितलं, लीड्सच्या ताईंचं वाचायच्या आधीच. पाटणचं दिवाळीनंतर बघू म्हणाली, पण तिच्या वहीत लिहिलंय.

सौदीचं तिच्या आईनं अजून सोडलेलं नाही, ते चालायचंच.

हिशेबी_माणूस

नोकरी चालू ठेवून रविवार, हे मला पटलं. वर्षभरानंतर जमाखर्चाला बसायचं असेल तर सांगा, मी फुकट बसेन.

वाळव्याची_सून

पहिला रविवार आमच्याकडं. मशीन जुनं होत आलंय, शुद्धता बघायचीच आहे. काय तयारी ठेवू?

कृष्णाकाठ

@वाळव्याची_सून, तिनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. जुने एबीजीचे रिपोर्ट आणि डिस्चार्जचा कागद काढून ठेवा. मशीन ती यायच्या आधी अर्धा तास चालू असू दे, नेहमीच्याच लिटरवर. बाटली घासून ठेवू नका, जाळी धुवू नका, रोज असतं तसंच तिला बघायचंय. आणि आत्यांना सांगा, हात गरम ठेवा.